दशम स्कंध, अध्याय १९ : वणवा विझला तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले होते



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय १९. अध्याय अगदी छोटा आहे, जेमतेम सोळा श्लोकांचा. चहा निवेपर्यंत वाचून होतो. पण मी गेले तीन दिवस यावरच अडकलोय, आणि त्याला कारण आजची तारीख आहे. १४ एप्रिल म्हटलं की आपल्याला आधी बाबासाहेबांची जयंती आठवते, आणि ते बरोबरच आहे. याच तारखेला देशभर अग्निशमन सेवा दिनही असतो आणि आजपासून २० तारखेपर्यंत अग्निशमन सप्ताह. म्हणून क्रम थोडा मोडून आगीचाच अध्याय घेतला.

आधी कथा. ज्यांना पाठ आहे त्यांनी हा भाग सोडून पुढे जायला हरकत नाही, पण एकदा सावकाश वाचाच.

गोपाळांचा खेळ रंगलेला असतो. खेळाच्या नादात कुणाचं लक्ष नसतं आणि गुरं चरत चरत लांब जातात. भागवतकार इथे नुसत्या गाई सांगत नाहीत, शेळ्या आणि म्हशीही सांगतात. मला हे फार आवडतं. ज्याने खरंच गुरं राखलेली पाहिली आहेत त्यालाच हे सुचतं. गवताच्या लोभानं जनावरं एका रानातून दुसऱ्या रानात शिरतात आणि शेवटी मुंज गवताच्या उंच, दाट जाळीत अडकतात. तहान लागते, उष्म्याने जीव कासावीस होतो, हंबरायला लागतात. इकडे पोरांच्या लक्षात येतं की गुरं दिसत नाहीत. गुरं म्हणजे घरादाराची पोटापाण्याची सोय, त्यामुळे सगळे हबकतात. खुरांचे ठसे, दातांनी तोडलेलं गवत, असा माग काढत निघतात. गुरं सापडतात. कृष्ण ढगासारख्या गंभीर आवाजात एकेकीला नावाने हाक मारतो आणि त्या ओ देतात. आता घरी जायचं, एवढंच उरलेलं असतं. आणि नेमका तेव्हाच चारी बाजूंनी वणवा पेटतो. वर वारा सुटलेला.

पोरं कृष्ण-बलरामाला हाका मारतात. कृष्ण दोनच गोष्टी सांगतो: भिऊ नका, आणि डोळे मिटून घ्या. ते मिटतात. तो आग पिऊन टाकतो. डोळे उघडून बघतात तर सगळे पुन्हा भांडीर वडापाशी, आणि गुरं सुखरूप. संध्याकाळी बलरामाबरोबर गुरं वळवून, बासरी वाजवत तो गोकुळात परततो.

बस, एवढंच.

आता यातली मेख बघा. दोन अध्याय मागे, सतराव्यातही वणवा आहे. कालियामर्दनानंतर सगळं व्रज दमून यमुनेच्या काठी झोपलेलं असताना मध्यरात्री आग लागते आणि तिथेही कृष्ण ती पिऊनच टाकतो. तिथे डोळे मिटायला सांगितल्याचा उल्लेख नाही. इथे आहे. का? टीकाकारांनी वेगवेगळी कारणं दिली आहेत. पोरांना आगीची भीती वाटू नये म्हणून, लाडक्या सख्याने विस्तव गिळलेला त्यांना बघवला नसता म्हणून, वगैरे. ती सगळी गोड आहेत. मला मात्र साधी गोष्ट दिसते. आग विझवणाऱ्याला प्रेक्षक नको होते. आणि अध्याय पुन्हा उघडून खात्री करून घ्या: आग विझल्यानंतर कृष्णाच्या तोंडी एकही वाक्य नाही. “बघितलंत का?” नाही, “मी नसतो तर?” नाही. त्याची पुढची कृती म्हणजे गुरं घरी नेणं. सकाळपासून जे काम होतं तेच.

हे मला आज का लिहावंसं वाटलं ते सांगतो. पंधरा दिवसांपूर्वी एका वाचकाचा मेल आला. वय तेवीस. एका महापालिकेच्या अग्निशमन दलात नुकताच रुजू झालाय. एका इमारतीतून एका आजींना खाली आणताना कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो पसरला, सत्कार झाला, शाल मिळाली, कॉलनीत फ्लेक्स लागला. आणि आता स्टेशनमधले सिनियर त्याला चेष्टेने “काय हिरो!” म्हणून हाक मारतात. त्याने लिहिलं होतं: “दादा, मला ते ऐकून वाईट वाटतं, पण खरं सांगायचं तर तो व्हिडिओ मी पण पन्नास वेळा बघितलाय. यात पाप आहे का?”

पाप वगैरे काही नाही रे. तेविसाव्या वर्षी स्वतःचा असा व्हिडिओ पन्नास वेळा न बघणारा माणूस एकतर संत असेल किंवा त्याचा नेट पॅक संपला असेल. पण तू प्रश्न विचारलास याचा अर्थ तुला आत कुठेतरी खटकतंय, आणि ते खटकणं महत्त्वाचं आहे. म्हणून ते जरा उलगडून बघू.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्त्याचे तीन प्रकार सांगितलेत. सात्त्विक कर्त्याची जी लक्षणं सव्विसाव्या श्लोकात येतात त्यातला एक शब्द मी पूर्वी घाईत वाचून पुढे जायचो: अनहंवादी. आपण त्याचं भाषांतर “निरहंकारी” असं करून मोकळे होतो. पण शब्द नीट फोडा. त्यात “वादी” आहे. म्हणजे “मी, मी” असं न बोलणारा. मनातला अहंकार पूर्ण जाईल तेव्हा जाईल, तो मोठा पल्ला आहे. इथे सुरुवात जिभेपासून सांगितली आहे. आणि त्याच श्लोकात, त्याच माणसाच्या अंगी धृती आणि उत्साह पाहिजेत असंही म्हटलंय. म्हणजे नम्र माणूस म्हणजे खांदे पाडून मागे उभा राहणारा माणूस, ही आपली समजूत गीतेला मान्य नाही. नम्र आहे आणि पुढेही आहे. यश आलं, अपयश आलं, दोन्हीत तोल ढळत नाही. हे चौथं लक्षण अग्निशमनवाल्यांच्या बाबतीत सगळ्यात कठीण असणार, कारण त्यांच्या अपयशाला चेहरा असतो.

आता हे पुस्तकातून बाहेर काढू.

माझं बालपण कोयनानगरचं. वडील प्रकल्पावर नोकरीला होते, आम्ही कॉलनीत राहायचो. तुम्हाला कोयना म्हणजे धरण, शिवसागर जलाशय आणि पावसाळ्यातले धबधब्याचे फोटो. पण तिथला उन्हाळा बघा. पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारा हा मुलूख, आणि फेब्रुवारीपासून डोंगराच्या उघड्या अंगावरचं गवत सोनेरी होऊन कडकडीत वाळतं. कारवी वाळते. मग रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर आलं की समोरच्या डोंगरावर लाल रेघ दिसायची, नागमोडी सरकत जाणारी. लहानपणी आम्हाला ते सुंदर वाटायचं. वणवा.

तो बहुतेक वेळा आपोआप लागत नाही, हे आधी सांगतो. कुणी पुढच्या वर्षी गवत चांगलं यावं म्हणून पेटवतं, कुणाचा राब भाजताना विस्तव बांधाबाहेर जातो, कुणी विडीचं थोटुक टाकतं, हल्ली पर्यटक चूल न विझवता निघून जातात. गवत जाळलं की पुढे चांगलं येतं ही समजूत तर इतकी पक्की आहे की समजावणारे दमतात. आणि हा साधा डोंगर नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कोयनेचंही नाव लागलं. एका काडीने किती जळतं त्याचा हिशेब कुणी करायचा? जमिनीवरची अंडी, सरपटणारे जीव, कोवळी रोपं, यांना पळता येत नाही.

डोंगराच्या धारेवर बंब चढत नाही. तिथे वणवा विझवतात वनरक्षक, वनमजूर, हंगामी कामाला घेतलेली गावातली माणसं, आणि ज्यांना कुणी बोलावलेलं नसतं अशी शेजारच्या वाडीतली पोरं. अलीकडे पाठीवर अडकवायचे फायर ब्लोअर आलेत, हवेच्या झोताने वाळला पाला बाजूला करतात. पण मुख्य हत्यार अजूनही झाडाची हिरवी फांदी. तिने ज्वाळा झोडपायची. फटका हळू मारला तर आग विझत नाही, जोरात मारला तर ठिणग्या उडून मागे पेटतं. फांदी दाबून धरायची, हे शिकायला वेळ लागतो.

आणि खरं काम तर तेव्हा नसतंच. ते असतं थंडीत, जाळरेषा काढताना. गवत नीट वाळून पेटायच्या आधीच ठरावीक रुंदीचे पट्टे कापायचे, तिथलं गवत पहाऱ्याखाली जाळून घ्यायचं, म्हणजे उन्हाळ्यात वणवा तिथपर्यंत येऊन थांबतो. रिकाम्या पट्ट्यापाशी येऊन विझलेल्या वणव्याचा व्हिडिओ कोण काढणार? त्यात काही दिसतच नाही.

आमच्या कॉलनीमागच्या वाडीत एक आबा आहेत. वनमजूर होते, आता निवृत्त. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. साठी कधीच ओलांडलीय, तरी अजून वणवा दिसला की कोयता घेऊन निघतात. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये घरी गेलो होतो तेव्हा त्यांच्या अंगणात बसून विचारलं, “आबा, भीती नाही वाटत तुम्हाला?”

“वाटती की. भ्या वाटल्यालं बरं असतंय. ज्येला भ्या वाटत न्हाई त्येला म्या संगं घेत न्हाई.”

“का?”

“आरं, आग वर पळती. चढाला ती माणसापेक्षा जोरात जाती. म्हणून तिच्या वरच्या अंगाला हुबं ऱ्हायचं न्हाई, हे बारक्या पोराला पण ठावं हाय. पर एखाद्याला वाटतंय म्या लई भारी. त्यो जातोय वर धावत. मग त्येला आणाय दोघं जात्यात. म्हंजी विझवणारी तीन माणसं कमी झाली का न्हाई?”

मी इतकी वर्षं टीम, रिसोर्स, रिस्क यावरची प्रेझेंटेशन्स बघतोय. एवढं नेमकं गणित कुठल्याच स्लाइडवर बघितलेलं नाही.

मग मी म्हटलं, “पण लोकांनी तुमचं कौतुक करायला पाहिजे.” तर ते थोडा वेळ गप्प बसले आणि भूकंपाचं सांगायला लागले. ११ डिसेंबर १९६७. पहाटे साडेचारच्या आत, सगळे झोपेत असताना, साडेसहाच्या आसपास रिश्टरचा धक्का. कोयनानगर जवळपास आडवं झालं. दोनशेच्या आसपास माणसं गेली, दोन हजारांहून जास्त जखमी झाली. आबा तेव्हा पाच-सहा वर्षांचे. “भिताडाखालनं मला कुणीतरी वढून काढला. अंधार व्हता. माझ्या आईनं लई वर्सं इचारलं गावात, कुणी काढला रं माझ्या पोराला? कुणी सांगितलं न्हाई. जेनं काढला त्येला पुढचं भिताड उचलायचं व्हतं, त्यो कशाला नाव सांगत बसतोय?”

मी यावर काही बोललो नाही. तुम्हीही दोन मिनिटं तसेच थांबा.

डोळे मिटलेले गोप आणि अंधारात ओढून काढलेलं पोर. एकोणिसावा अध्याय मला तेव्हापासून वेगळा दिसतो. जो वाचला त्याने वाचवणाऱ्याला बघितलेलंच नाही.

“पण दादा, शहरातली आग वेगळी असते,” असं तुझं म्हणणं असेल. वेगळी आहेच. पण त्या कामातही तुझ्यापेक्षा जास्त तुला कोण ठाऊक असणार की व्हिडिओत जो दिसतो तो एकटा कधीच नसतो. होजच्या टोकाला ब्रँच धरणारा दिसतो. खाली गाडीपाशी पंप सांभाळणारा दिसत नाही. तो वर काय चाललंय ते बघायला चार पावलं हलला आणि प्रेशर पडलं, तर वरच्याच्या हातातलं पाणी जातं. धुरात शिरणाऱ्याच्या पाठीवर हवेचा सिलिंडर असतो, बीए सेट. कोण किती वाजता आत गेला, किती हवा घेऊन गेला, हे दाराशी उभा राहून लिहून ठेवणारा एक जण असतो. तो व्हिडिओत फलक हातात घेऊन नुसता उभा आहे असं वाटतं. हवा कमी झाली की सेटची शिट्टी वाजते आणि शिट्टी वाजली की बाहेर यायचं, हा नियम.

इथे “हिरो” शब्दाचा धोका सुरू होतो. हिरो शिट्टी ऐकून बाहेर येत नाही. सिनेमात कधी आलाय का? तो आणखी एक दार फोडतो आणि संगीत वाढतं. खऱ्या आगीत आणखी एक दार फोडणाऱ्याला शोधायला दुसरी जोडी आत पाठवावी लागते. आबांचंच गणित. म्हणजे नम्रता इथे नुसता सद्गुण नाही, कामाचं साधन आहे, हेल्मेटसारखं. जो स्वतःला मोठा समजत नाही तोच शिट्टी ऐकतो, सिनियरचं “मागे ये” ऐकतो आणि उद्या परत ड्युटीवर येतो.

आणि दुसरं. अग्निशमन दलाचं रोजचं काम काय असतं? रस्त्यावर सांडलेल्या ऑइलवर माती टाकणं. पडलेलं झाड कापणं. मांज्यात अडकलेली घार सोडवणं. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस, विहिरीत पडलेलं कुत्रं. सकाळची परेड, होज धुऊन वाळवणं, सिलिंडर तपासणं. आगीचा व्हिडिओ वर्षातून एखादा. ज्याला हिरो व्हायची चटक लागली त्याला उरलेले दिवस पोकळ वाटायला लागतात. ऑइलवर माती टाकताना त्याचं मन लागत नाही. आणि त्या मातीमुळे एखादा बाइकवाला घसरला नाही, हे त्याला कधी कळणारच नाही, बाइकवाल्यालाही नाही.

आमच्या आयटीत हा रोग रोजचा आहे, म्हणून मला जवळून माहीत. मी पूर्वी ज्या एका कंपनीत होतो तिथे रात्री तीन वाजता सर्व्हर पडला की जो उठून तो उभा करायचा त्याला महिन्याचं बक्षीस. ज्याच्या सिस्टिम्स पडतच नव्हत्या, त्या मुलीला तीन वर्षांत काही मिळालं नाही. अप्रेझलमध्ये तिला “व्हिजिबिलिटी वाढव” असं सांगितलं गेलं. हळूहळू लोकांना कळलं की आग लागू न देण्यापेक्षा लागलेली विझवणं फायद्याचं आहे. पुढचं तुम्ही ओळखलं असेल.

आता जरा मागे, आजच्या तारखेच्या मुळाशी जाऊ. १४ एप्रिल १९४४. दुसरं महायुद्ध चालू होतं. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत एस. एस. फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज उभं होतं. त्यात कापसाच्या गासड्या होत्या, सोन्याच्या विटा होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात! दुपारी धूर दिसला. मुंबई अग्निशमन दलाच्या गाड्या आल्या, जवानांनी पाणी मारायला सुरुवात केली आणि मारतच राहिले. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. थोड्या वेळाने दुसरा, अधिक मोठा. आजूबाजूची जहाजं, गोदामं, वस्त्या उद्ध्वस्त झाल्या, शेकडो माणसं मेली, पुढचे काही दिवस शहर जळत होतं. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणून आजचा दिवस.

त्या ६६ पैकी एक तरी नाव आपल्याला सांगता येईल? मलाही येत नाही. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. यावर एक मन म्हणतं, बघ, हिरो म्हणा नाहीतर नका म्हणू, लोक विसरतातच. पण मला दुसरी गोष्ट दिसते. शेवटच्या क्षणी त्यांच्या हातात होज होते. ते कुठलाही पराक्रम करायला निघाले नव्हते, दुपारची ड्युटी करत होते. “हिरो” हा शब्द लावला की ती ड्युटी दिसेनाशी होते आणि फक्त स्फोट उरतो.

९ मे २०१५ चंही तेच. काळबादेवीत गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली, इमारत कोसळली आणि मुंबई दलाचे चार वरिष्ठ अधिकारी आपण गमावले. त्यात मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर होते. त्यांनी पुढे पंधराएक दिवस रुग्णालयात झुंज दिली. ज्या पदावर पोचल्यावर माणूस केबिनमधून वायरलेसवर आदेश देऊ शकतो, त्या पदावरची माणसं जागेवर गेली होती. नेतृत्व म्हणजे काय यावर प्रवचनं पुष्कळ आहेत. मला हे पुरतं.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर या सगळ्याचा भलताच अर्थ निघेल. “सेवा करा, नाव मागू नका” हे वाक्य कुणाच्या तोंडी आहे यावर त्याचा अर्थ ठरतो. भगवंतांनी फळाची आसक्ती सोडायला सांगितलं ते कर्त्याला. मालकाला सांगितलेलं नाही की तू कर्त्याला फळ देऊ नकोस! हंगामी वनमजुराची मजुरी वेळेवर द्यायची नाही, जवानाला धड बूट द्यायचे नाहीत, भरती करायची नाही, आणि वर्षातून एकदा शाल-श्रीफळ देऊन “तुम्ही आमचे खरे हिरो” म्हणायचं, याला मी कौतुक म्हणत नाही. हिरो शब्द फुकटात पडतो, म्हणून तो सढळ हाताने वाटला जातो. हिरोला बूट लागत नाहीत, सुट्टी लागत नाही, विमा लागत नाही. सेवकाला लागतो. म्हणून मित्रा, तू नम्र राहा, पण फाटलेल्या ग्लोव्ह्जबद्दल तक्रार जरूर कर. त्याने अनहंवादीपणाला काही बाधा येत नाही. तुझ्या पाठीवरचा सिलिंडर नीट असणं ही तुझ्या जोडीदाराचीही गरज आहे.

मग सत्काराचं काय करायचं? नाकारायचा का? मला नाही वाटत. कृष्णाने गोपांना तोंड बंद ठेवायला सांगितलेलं नाही. ते घरी जाऊन काय झालं ते आयाबायांना सांगतात, विसाव्या अध्यायाची सुरुवातच त्याने होते. ज्याचा जीव वाचला त्याला बोलावंसं वाटणारच. त्याची कृतज्ञता हातावेगळी करणं हाही एक अहंकारच, “मला तुझं काही नको” असा. त्या आजींनी तुझ्या डोक्यावरून हात फिरवला असेल तर तो घे, वाकून घे. शाल घे. बोलायला सांगितलं तर पंपावर कोण होतं, दाराशी फलक घेऊन कोण होतं, ती नावं सांग आणि खाली बस. आणि स्टेशनमधले सिनियर “काय हिरो” म्हणतात त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मला तर वाटतं ते तुझी काळजी घेतायत. त्यांनी असे व्हिडिओवाले बघितले असतील, आणि पुढे त्यांचं काय झालं तेही. “हो सर, होज वाळत घालून येतो” म्हण. दोन महिन्यांत हाक बदलेल.

व्हिडिओ मात्र आता एक्कावन्नाव्या वेळी बघशील तेव्हा स्वतःकडे बघू नकोस. आजींच्या चेहऱ्याकडे बघ. मी तुझा व्हिडिओ शोधून बघितला. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले आहेत.

आपल्या बाकीच्यांसाठी थोडं, म्हणजे जे पुण्यात, ठाण्यात, बंगळुरूत फ्लॅटमध्ये बसून हे वाचतायत त्यांच्यासाठी. आज स्टेटसला जवानांचा फोटो लावण्याआधी खाली उतरून बघा, सोसायटीच्या जिन्यात कुणाची सायकल, जुनं कपाट, चपलांचं स्टँड आहे का. बंब आत यायच्या रस्त्यावर कुणाची गाडी लागलीय का. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. तुमच्या सोसायटीचं जानेवारीचं गेलं का, हे सेक्रेटरींना विचारा. ते वैतागतील. विचारा तरी. ट्रेकला गेलात तर चूल पेटवूच नका, आणि डोंगरावर धूर दिसला तर १९२६ हा वनविभागाचा टोल फ्री नंबर आहे, तो फोनमध्ये ठेवा. याने कुणी तुमचा सत्कार करणार नाही हे आधीच सांगून ठेवतो.

ज्यांना आज मूळ वाचायचं आहे त्यांनी अध्यायाचे पहिले सहा श्लोक विशेष सावकाश वाचा, आग लागायच्या आधीचे. गुरांचा माग कसा काढला ते. आपण चमत्काराकडे धावतो आणि ते राहून जातं.

उद्या विसावा अध्याय. तो मोठा आहे, दोन दिवसांत विभागून घेऊ. त्यात वणवा नाही, राक्षस नाही, आधी पावसाळ्याचं आणि मग शरदाचं वर्णन आहे. भागवतात आगीनंतर लगेच पाऊस येतो. कोयनेत अजून दोन महिने आहेत. काल रात्री आईला फोन केला तेव्हा ती म्हणाली, समोरच्या डोंगरावर पुन्हा रेघ दिसतेय, आणि वाडीतून चार-पाच बॅटऱ्या वर चढताना दिसल्या.

राम कृष्ण हरी.